गरम पाण्याचं विमान

आमच्या सोसायटीला गरम पाण्याची सवय मी लावली, हा आरोप मला मान्य आहे. सभेच्या इतिवृत्तात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की मला कुणाला कसलीही सवय लावायची नव्हती. मला उडायचं होतं.

विमान मी घरीच बनवलं. हे खूळ डोक्यात कसं शिरलं हा प्रश्न नातेवाईक मला नेहमी विचारतात आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच जेवायला उठतात, तेव्हा ते इथेही सोडून देऊ. इमारतीच्या तळाशी माझं गॅरेज आहे. त्यात मोटार नाही. मोटारीचं इंजिन आहे, ते जिच्या नाकात बसायचं ती विमानाची धडधाकट कुडी आहे, आणि दोन पंख भिंतीला टेकून उभे आहेत. आत दोन जागा आहेत. एक माझी. दुसरी कुणाची हे मी कधी बोललो नव्हतो, पण तिची गादी बायकोच्या आवडत्या रंगाच्या कापडात शिवून घेतली होती. ती गादी बायकोनं दाबून पाहिली आणि म्हणाली, "चांगली आहे की. घरातल्या खुर्च्यांना का नाही सुचलं असं कधी?"

बायको त्या वस्तूला विमान म्हणत नसे. ती म्हणे 'खालचा पसारा'. "अहो, खालचा पसारा झाकून वर या, जेवण गार होतंय." एकदा मी धीर करून विचारलं, समजा हे उडालं, तर तू बसशील का. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हवेत मध्येच बंद पडणार नाही असं कुणीतरी शहाण्या माणसानं सांगू दे. मग बघू." शहाण्या माणसांत माझी गणती होत नाही हे तिनं न बोलता सांगितलं. मला वाईट वाटलं, पण 'मग बघू' हे शब्द आमच्या घरात नकारार्थी नसतात, त्यामुळे मी त्या शब्दांना धरून राहिलो.

सरकारी हिशेबानं तो शहाणा माणूस म्हणजे विमान तपासनीस. अत्यंत सभ्य, अत्यंत सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी पंख बघितले, खिळे बघितले, मला बघितलं आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे. इंजिनाची खात्री द्या. प्रोपेलर जेवढा भार टाकतो तेवढा भार टाकायचा, पूर्ण जोरात चालवायचं, आणि मी पुरे म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही." जाताना त्यांनी हेही सांगितलं की महिनाअखेरीला ते निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या साहेबांचं मत असं आहे की घरी बनवलेल्या वस्तू घरीच राहाव्यात. म्हणजे जे काय व्हायचं ते या महिन्यातच.

आता प्रोपेलरचा भार हवा तर प्रोपेलरच लावावा, एवढी अक्कल मला होती. तो लावून मी इंजिन गॅरेजच्या दारातून अंगणात आणलं आणि सुरू केलं. जे घडलं ते फार वेळ घडलं नाही. पहिल्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेली, कुंड्या लवंडल्या, आणि सूचनाफलकावरच्या सगळ्या सूचना उडून गटारात गेल्या. चादरीचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण सूचना सेक्रेटरींच्या होत्या. आमचे सेक्रेटरी नोकरीत असताना कुणाला सूचना देण्याच्या हुद्द्यापर्यंत पोचले नाहीत, त्याची भरपाई ते त्या फलकावर करतात. संध्याकाळपर्यंत नवी सूचना लागली: 'आवारात पंखा लावण्यास सक्त मनाई आहे.' आमच्या इमारतीत पाच फूट लांबीच्या प्रोपेलरला पंखाच म्हणतात.

तेव्हा प्रोपेलर न लावता प्रोपेलरचा भार आणायचा, असा प्रश्न उरला. इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्राला डायनो म्हणतात. मोठ्या कारखान्यांत तो असतो. मोठ्या कारखान्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मग मी तो स्वतःच बनवायचं ठरवलं. यात गर्व नव्हता. मी वजनमापे खात्यात नोकरीला आहे, दुकानदारांचे काटे तपासण्यात माझा जन्म गेला, आणि डायनो म्हणजे शेवटी काय, फिरणाऱ्या इंजिनाला धरून ठेवायचं आणि ते किती हिसका देतंय हे काट्यावर वाचायचं. काटा मला वाचता येतो. धरून ठेवायचं कसं, हा भाग माझ्या खात्यात येत नव्हता.

तो भाग वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी आपण होऊन अंगावर घेतला. ते पदार्थविज्ञान शिकवत. आता निवृत्त आहेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. जिन्यात गाठ पडली की आपण विद्यार्थी होतो. त्यांनी सुचवलं, ट्रकचा जुना ब्रेक आणा, इंजिनाला जोडा आणि करकचून आवळा. मी आणला, जोडला, आवळला. इंजिन बंद पडलं. थोडा सैल केला, तर इंजिन सुसाट सुटलं. पुन्हा आवळला तेव्हा धूर निघाला, आणि मी तोंड काळं करून घरी आलो. हे शब्दशः घ्यावं. बायकोनं दार उघडलं, मला नीट पाहून घेतलं आणि पुसायचं फडकं हातात दिलं.  

"सिद्धांत बरोबर होता," प्राध्यापक म्हणाले. "ब्रेक चुकला."

चूक वेगळीच होती, ती मला रात्री बादलीत पाणी ढवळताना कळली. ब्रेक कसाही फिरवा, सारखाच अडवतो. प्रोपेलर तसा नाही. सावकाश फिरवला तर हवा त्याला जुमानतही नाही, आणि वेग दुप्पट केला की तीच हवा चौपट अडवते. बादलीत हात हळू फिरवला तर पाणी लागत नाही, जोरात फिरवला तर मनगट दुखतं. मग जे काम हवा करते ते पाण्यानं का करू नये? एका बंद डब्यात पाती, डब्यात पाणी, इंजिनानं पाती फिरवायची. जेवढं जोरात फिरेल तेवढं पाणी आपोआप जास्त अडवेल. डब्याला एक दांडा, दांडा काट्यावर टेकलेला. कुणी आवळायला नको, कुणी सैल करायला नको. मी हे प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी हेच सांगत होतो."

भंगारातल्या मोठ्या पंपाचा डबा मिळाला, पाती घडवली. एकच अडचण राहिली, ती म्हणजे पाणी. डब्यातून पाणी सारखं वाहतं ठेवावं लागतं, आणि तेवढं पाणी नळाला येत नाही. तेवढं पाणी इमारतीत एकाच ठिकाणी होतं, गच्चीवरच्या सोसायटीच्या टाकीत.

परवानगीसाठी मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "पाणी सगळ्यांचं आहे."

"मी वापरणार नाही हो. नुसतं खाली आणून परत वर चढवणार."

"सगळंच्या सगळं?"

"मोजून."

'मोजून' या शब्दावर ते विरघळले. प्लंबर आला, त्यानं टाकीपासून गॅरेजपर्यंत एक पाइप खाली आणला, दुसरा पंप लावून वर नेला. माझा पाइप त्यानं टाकीत जरा उंचावर जोडला, म्हणजे तळाचा गाळ माझ्या डब्यात यायचा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मी ठेवली नाही. टाकीतून निघालेलं आणि टाकीत परत गेलेलं पाणी मी स्वतः मोजून पाहिलं. मापात थेंबाचा फरक नव्हता. सेक्रेटरींनी समाधानानं मान हलवली. वजनमापे खात्यातला माणूस होतो, माप चोख होतं, आणि ते पाणी परत जाताना कसं असेल हा विचार त्यांच्या, प्लंबरच्या किंवा माझ्या मनाला शिवला नाही. प्राध्यापकांच्या मनालाही शिवला नाही, पण ते अजून हे कबूल करत नाहीत.

रविवारी सकाळी इंजिन सुरू केलं. आवाज प्रचंड होता, भिंतीवरचे पंख थरथरत होते, पण काटा असा चढत गेला की डोळ्यांचं पारणं फिटावं. वेग वाढवला की भार वाढत होता, कमी केला की ओसरत होता, अगदी हवेत असल्यासारखा. मी इतका खूश झालो की सेक्रेटरी दारात येऊन हातवारे करत आहेत हे मला उशिरा दिसलं. इंजिन बंद केलं.

"हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. "रविवारचा दिवस, माणसं घरी आहेत, कानठळ्या बसल्या सगळ्यांच्या. मी आत्ताच्या आत्ता..."

वरून त्यांच्या मिसेसची हाक आली. "अहो, लवकर या. नळाला गरम पाणी येतंय."

सेक्रेटरींनी वर पाहिलं, मग इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठल्या नळाला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

ते वर गेले. प्राध्यापकांनी नंतर हिशेब करून दाखवला, की पाती पाण्याला ढवळतात तेव्हा इंजिनाची सगळी ताकद पाणी तापवण्यात खर्च होते, आणि ऐंशी घोड्यांच्या ताकदीत गच्चीवरची टाकी तापायला अर्धा-पाऊण तास पुरे. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येतो. तो आधी का केला नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी अंगाला टॉवेल गुंडाळून घेतला आणि आंघोळीला गेले.

त्या दिवशी आवाजाची तक्रार आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, ती आवाज का नाही म्हणून.

इंजिन रुळायला काही दिवस रोज चालवणं भाग होतंच, तेव्हा मी कामावर जायच्या आधी चालवू लागलो. आठवडाभरात सूचनाफलकावर वेळापत्रक लागलं. त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. "तुम्ही साडेसहाला सुरू केलंत तर मुलांचं शाळेआधी होईल," अशी विनंती आली. मग पाहुणे येऊ लागले. मग शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ आपली बादली घेऊन आले आणि इकडच्या नळाची चौकशी करू लागले. पहिल्या मजल्यावरच्या चादरवाल्या काकूंनी तर मला जिन्यात अडवून विचारलं, "आज जरा कोमट होतं हो. जोर कमी लावला होतात का?"

मी म्हटलं, आज कमी वेगाची चाचणी होती.

"उद्या जास्त वेगाची घ्या. माझे सांधे दुखतात."

लोक चांगले होते, हे मला सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं ज्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली होती ते आता थांबून बोलत. मला जिन्यात वाट मिळे. मनातून मला ते आवडायला लागलं होतं, हे लपवून काय उपयोग. पण कुणीही, चुकूनसुद्धा, इंजिन म्हणत नव्हतं. सगळे म्हणत, बंब. "बंब पेटला का?" "बंबवाले निघाले वाटतं कामाला." बायकोला बाजारात एक बाई म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा बंब म्हणजे अगदी सोय झाली." बायको घरी येऊन पिशवी ठेवत म्हणाली, "बंब म्हणतात त्याला."

"तू पसारा म्हणतेस," मी म्हटलं.

"मी म्हणेन. त्यांनी कशाला म्हणायचं?"

मी पिशवीतली भाजी काढून ठेवू लागलो.

खरी अडचण त्यानंतर कळली. एका सकाळी इंजिन पूर्ण जोरात असताना काटा एकदम ढिला पडला आणि इंजिन असं किंचाळलं की प्रोपेलर तुटून पडल्यावर हवेत काय होत असेल त्याची मला कल्पना आली. मी झेप घालून ते बंद केलं. डबा कोरडा होता. वर गच्चीवर धावलो तर टाकी अर्ध्याच्या खाली. सगळ्या मजल्यांनी एकाच वेळी नळ सोडले होते, पाण्याची पातळी माझ्या उंचावर जोडलेल्या पाइपाच्या खाली गेली होती, आणि त्यांच्या नळांचा पाइप टाकीच्या तळाशी असल्यामुळे ते मजेत वाहत होते. गाळ मात्र माझ्याकडे आला नव्हता. माझ्या विमानाचा भार थोडक्यात शेजाऱ्यांच्या आंघोळीवर अवलंबून होता. पाइप खाली घ्यायला प्लंबर हवा होता, आणि प्लंबर गावाला गेला होता. गावाला गेलेल्या माणसाला परत यायची घाई नसते.

तपासनीस महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार होते. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा दौरा. मी घरोघर गेलो, हात जोडून सांगितलं, तेवढा वेळ नळ सोडू नका. सगळ्यांनी मान्य केलं. सेक्रेटरींनी सूचना लावली, खाली दोन रेघा मारल्या. चादरवाल्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडून काही व्हायचं नाही, तुम्ही निर्धास्त राहा." मी निर्धास्त राहिलो. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात तेच आलं असतं, की बाकी सगळे बंद ठेवणारच आहेत, माझ्या एका बादलीनं काय होतंय.

तपासनीस आले. चहा नको म्हणाले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, काटा निरखला, तो कुणी तपासलाय असं विचारलं, मी म्हटलं मीच, त्यावर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "करा सुरू. आणि हात खिशात."

बायको जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती खाली का आली होती ते तिनं सांगितलं नाही. मी इंजिन पूर्ण जोरात नेलं आणि हात खिशात घातले. काटा जाऊन आपल्या जागी थांबला. तपासनीस बघत होते, मी बघत होतो. सगळं उत्तम चाललं होतं आणि त्यामुळेच माझं लक्ष वरच्या मजल्यांकडे गेलं, कारण एवढं उत्तम चाललं म्हणजे टाकी छान तापली असणार, आणि रविवार होता.

वरच्या नळांचा आवाज इंजिनाच्या आवाजात ऐकू येणं शक्य नाही. पण मला आला असं मी आजही सांगतो. काटा थरथरला. थोडा उतरला. इंजिनाचा आवाज थोडा चढला. तपासनीसांनी चष्मा सारखा केला आणि पेन्सिल हातात घेतली. मी खिशातल्या खिशात मुठी आवळल्या. हात लावला तर चाचणी रद्द, चाचणी रद्द झाली तर उद्यापासून ते दुसरे साहेब. नाही लावला तर इंजिनाच्या ठिकऱ्या. मी जिन्याकडे पाहिलं. बायको तिथे नव्हती. मला वाटलं, तिनं पाहिलं आणि निघून गेली. त्या एका क्षणी मला विमानाचं काही वाटलं नाही. ती निघून गेली याचं वाटलं.

काटा आणखी उतरला. मी खिशातून हात काढला. आणि काटा थांबला. थोडा वेळ तसाच राहिला, मग वर चढू लागला, आणि सावकाश येऊन आपल्या जागी बसला. इंजिनाचा आवाज खाली आला, सरळ झाला. मी हात परत खिशात घातला. तपासनीसांनी तो जाताना-येताना पाहिला असावा, पण ते काट्याकडेच पाहत राहिले. त्यानंतर त्यांनी पुरे म्हणेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. काटा हलला नाही.

"मध्ये भार कमी-जास्त झाला," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"वर हवेतही होतो. इंजिनानं ऐकून घेतलं, ते महत्त्वाचं." त्यांनी सही केली आणि हात धुवायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. मी त्यांना फडकं दिलं.

इमारतीच्या नळाला पाणी नव्हतं कारण बायको गच्चीवर टाकीपाशी होती. चाचणीच्या मध्यात ती सगळे जिने चढून वर गेली, घरांकडे जाणारा मोठा व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्या व्हॉल्व्हवर बसली. अंगाला साबण लावलेली माणसं एकेक करून टॉवेलवर गच्चीत आली, तरी ती उठली नाही. सेक्रेटरींच्या डोक्याला शांपू होता. त्यांनी तिला नियम सांगितला. तिनं त्यांना त्यांनीच लावलेली सूचना सांगितली, दोन रेघांसकट.

सभा त्याच संध्याकाळी झाली. सेक्रेटरींचे केस वाळून उभे राहिले होते, तरी ते तावातावानं बोलले. पाणी तोडण्याच्या प्रकाराचा निषेध झाला. माझी बायको माझ्या शेजारी शांत बसली होती. निषेध संपल्यावर मात्र सभेचा सूर बदलला. प्राध्यापक उठले आणि म्हणाले, झालं ते झालं, पण एवढी उपयुक्त गोष्ट इमारतीबाहेर जाऊ देणं अविचाराचं होईल. चादरवाल्या काकूंनी आपल्या सांध्यांबद्दल चार शब्द सांगितले. मग सेक्रेटरींनी ठराव मांडला, की बंब कायमचा आहे तिथेच राहावा, गॅरेज सोसायटीनं मला कायमचं द्यावं, आणि फलकावर माझं नाव लावावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला लोकांचं मन मोडता येत नाही. माझं नाव आजवर कुठल्याच फलकावर लागलेलं नाही, आणि टाळ्याही माझ्यासाठी पहिल्यांदाच वाजत होत्या. मी उभा राहिलो. घसा खाकरला. म्हटलं, "तसं बघायला गेलं तर..."

"बसा," बायको म्हणाली.

मी बसलो. ती उभी राहिली.

"बंब नाहीये तो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "विमान आहे ते. त्यात दोन माणसं बसतात. एक हे, आणि दुसरी मी. ते इथून जाणार आहे. पाणी तुम्ही तापवून घ्या."

 सेक्रेटरींनी केस दाबून बसवायचा प्रयत्न केला. प्राध्यापक म्हणाले की आपण हेच सांगत होतो. ठराव इतिवृत्तात नाही. तिथे फक्त गरम पाण्याची सवय लावल्याचा आरोप आहे.

आम्ही जिना चढत होतो. ती पुढे, मी मागे. विमान हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. आमच्या मजल्यावर आल्यावर तिनं किल्ली कुलपात घातली आणि तशीच थांबली.

"वर वारा असतो ना हो? केस बांधावे लागतील का?"

"बांधलेले बरे," मी म्हटलं.